हिरोशिमाचा हिशेब, सोलापुरातून

६ ऑगस्ट जवळ आला की पुरवण्यांमध्ये तेच दोन फोटो येतात. एक तो भूछत्रासारखा ढग, दुसरा घुमटाचा उरलेला सांगाडा. खाली प्रश्नही तोच, अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का? मग चार ओळी अमेरिकेच्या बाजूने, चार जपानच्या, आणि शेवटी शांततेचं कबुतर. झालं, वर्षभराची सोय.

यंदा हा प्रश्न घरातूनच आला. माझ्या चुलतभावाची मुलगी अमेरिकेत शाळेत आहे. तिच्या वर्गात यावर वाद होणार होता आणि बाजू ऐनवेळी चिठ्ठी काढून ठरणार होती, म्हणून तिने दोन्हीकडची तयारी केली होती. फोनवर मला सगळे मुद्दे वाचून दाखवले. बॉम्बच्या बाजूने वाचलेले अमेरिकन सैनिक, विरुद्ध बाजूने मेलेले जपानी नागरिक. मुद्दे व्यवस्थित होते. वाचून झाल्यावर तिने सहज विचारलं, "पण काका, यात आपण कुठे होतो?"

तिला म्हटलं, सावकाश लिहून पाठवतो. ते हे. जरा लांबलंय, पण ती वाचेल आणि तिच्या निमित्ताने तुम्हीही.

आपण म्हणजे सोलापूरकर असं धरलं, तर आपला एक माणूस त्या युद्धाच्या ऐन मध्यात होता. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय. सोलापूरबाहेरच्या लोकांना कोटणीस ठाऊक असतात ते शांतारामबापूंच्या १९४६ च्या सिनेमामुळे, आणि सिनेमात ते एक गोड, त्यागी, गाणी असलेले डॉक्टर आहेत. ते ज्या जागी होते तिथे काय चाललं होतं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

१९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचातले दोघं महाराष्ट्रातून गेलेले. १ सप्टेंबरला ते मुंबईहून बोटीत बसले. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. उत्तर चीनमध्ये आठव्या मार्ग सेनेबरोबर डोंगराळ मुलखात फिरत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे ते संचालक झाले, तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. मुलगा तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा होता.

ते ज्या हपै प्रांतात होते तिथे त्याच दोन वर्षांत जपानी लष्कराची मोहीम चालू होती. चिनी लोक तिला 'तीन सर्व' म्हणतात. सगळ्यांना मारा, सगळं जाळा, सगळं लुटा. मे १९४२ मध्ये त्याच प्रांतातल्या बेइतान नावाच्या गावात लोक भुयारांत लपले, तर जपान्यांनी भुयारांत विषारी वायू सोडला. चिनी नोंदींप्रमाणे आठशेच्या आसपास माणसं गेली. ज्या वर्षी कोटणीस गेले, त्याच वर्षातली ही गोष्ट. १९३७ ते १९४५ या काळात चीनमध्ये मेलेल्यांचे अंदाज दीड-दोन कोटींच्या घरात जातात. नुसते आकडे वाचून आपलं मन हलत नाही हे मला कळतं, पण सोलापूर शहराची आजची वस्ती दहा लाखांच्या आसपास आहे. त्याच्या पंधरा ते वीस पट.

आता वादात याचं वजन काय? माझ्या मते फार आहे. बॉम्बच्या समर्थकांचा सगळ्यात जड मुद्दा अमेरिकन सैनिकांचा नाहीच. तो हा आहे की १९४५ च्या उन्हाळ्यात जपानच्या ताब्यातल्या आशियात युद्ध, उपासमार आणि रोगराई यांनी दर महिन्याला माणसं मरत होती. काही इतिहासकारांचा अंदाज महिन्याला एक लाखापासून अडीच लाखांपर्यंत जातो. त्याच वर्षी व्हिएतनाममध्ये दुष्काळाने लाखो मेले. तेव्हा "जपान तसाही शरण येणारच होता, थोडं थांबायचं" असं जे म्हणतात, त्यांना विचारलं पाहिजे की थांबण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर? तो टोकियोच्या किंवा वॉशिंग्टनच्या खात्यावर पडणार नव्हता, कोटणीसांच्या पेशंटांच्या गावांवर पडणार होता.

आपल्याकडे हे पटकन पचत नाही, कारण जपानबद्दल आपलं मन दुभंगलेलं आहे. त्याचं एक कारण आझाद हिंद फौज. घराघरांत नेताजींचा लष्करी वेषातला फोटो असतो आणि जपान म्हणजे इंग्रजांना हाकलायला निघालेला दोस्त, हे त्या फोटोबरोबरच येतं. पण १९३८ मध्ये ज्या काँग्रेसने कोटणीसांना चीनला पाठवलं तिचे अध्यक्ष कोण होते? सुभाषबाबूच. या पथकासाठी निधी जमवायचं आवाहन त्यांनीच केलं होतं, चीनवरच्या जपानी आक्रमणावर टीका करणारा लेखही त्यांनी लिहिला होता. पाच वर्षांत ते जपानच्या मदतीने लढायला उभे राहिले. त्यांची कारणं होती आणि ती हलकी नव्हती, तो वेगळा विषय. पण डिसेंबर १९४३ मध्ये ते अंदमानला जाऊन आले आणि पुढच्याच महिन्यात, ३० जानेवारी १९४४ ला, पोर्ट ब्लेअरजवळ हंफ्रीगंजला जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ हिंदी माणसांना गोळ्या घातल्या. अंदमान म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात, हंफ्रीगंज नाही आठवत.

दुसरी गोष्ट आपल्या पलटणींची. ब्रह्मदेश जिंकून झाल्यावर इंग्रजांची पुढची योजना होती मलायावर समुद्रातून उतरायची. नाव 'ऑपरेशन झिपर', ठरलेली वेळ सप्टेंबर १९४५. त्यात बहुतेक फौज हिंदी, आणि २३व्या हिंदी डिव्हिजनमध्ये मराठा लाईट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. मधल्या काळात जपानने शरणागती पत्करली, तरी योजना तशीच पार पाडली गेली. ९ सप्टेंबरला मोरिबच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या तर गाड्या चिखलात आणि रेतीत रुतल्या. कुणी गोळी झाडली नाही म्हणून निभावलं. समोर बंदुका असत्या तर काय झालं असतं याची कल्पना करायला लष्करी तज्ज्ञ असायची गरज नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची किती पोरं त्या चिखलात राहिली असती कोण जाणे. (त्यातल्या मराठा पलटणींना पुढे दीडेक महिन्यात जावामध्ये सुराबायाला इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांशी लढायला लावलं आणि तिथे बरेच जण मारले गेले. वाचलेले प्राण वाचलेलेच राहतात असं नाही.)

आणि १९४६ मध्ये मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन प्रत्यक्ष जपानमध्ये गेली, ताबा फौजेचा भाग म्हणून. या फौजेचा तळ होता कुरे बंदर. हिरोशिमापासून कुरे वीसेक किलोमीटर. मराठी बोलणारे शेकडो जवान त्या जळून गेलेल्या शहराच्या उंबऱ्याशी उतरले आणि आपल्या वाङ्मयात त्याचा मागमूस नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तर "आपण कुठे होतो" याचं अर्धं उत्तर असं. आपण वाचलेल्यांच्या बाजूला होतो. हे मान्य न करता हिरोशिमावर अश्रू ढाळणं मला थोडं स्वस्त वाटतं.

उरलेलं अर्धं उत्तर अवघड आहे.

बॉम्ब टाकणाऱ्यांनी हा हिशेब केला होता का? चिनी शेतकरी आणि मराठा शिपाई त्यांच्या तराजूत होते का? माझ्या वाचनात तरी तसं दिसत नाही. युद्धमंत्री स्टिम्सन यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये एका मासिकात लेख लिहिला, आणि समर्थनाची जी मांडणी आज शाळेच्या पुस्तकांत आहे ती मुख्यतः तिथून आली. त्यात आकडा होता दहा लाखांवर अमेरिकन हताहतांचा. (हताहत म्हणजे मृत अधिक जखमी, हे वाचताना हटकून विसरलं जातं.) जून १९४५ मध्ये लष्कराच्या एका नियोजन समितीने केलेला अंदाज याहून फार लहान होता, मृत चाळीस हजारांच्या आसपास. दुसरे अंदाज मोठेही होते, आणि ओकिनावात तीन महिन्यांत बारा हजारांवर अमेरिकन मेले होते, त्यामुळे भीती खोटी नव्हती. पण दहा लाख हा आकडा टीका सुरू झाल्यावर मोठा होऊन आला, आणि आशियातल्या मृत्यूंचा मुद्दा तर इतिहासकारांनी कितीतरी वर्षांनी मांडला. कृती आधी आणि कारण मागाहून. कारण खरं असेलही, पण ते करणाऱ्याचं नव्हतं.

बरं, दुसरा मार्ग होता का? होता असं म्हणणाऱ्यांत नुसते शांततावादी नाहीत. अमेरिकेच्याच बॉम्बफेक पाहणी आयोगाने जुलै १९४६ मध्ये निष्कर्ष काढला की बॉम्ब नसते, रशिया युद्धात उतरला नसता, स्वारीही झाली नसती, तरी जपान १९४५ संपायच्या आत शरण आला असता. ट्रुमनचे सर्वात ज्येष्ठ लष्करी सल्लागार ॲडमिरल लीही यांनी पुढे आत्मचरित्रात या अस्त्राचा वापर स्पष्टपणे अमान्य केला. जपानचं घोडं अडलं होतं सम्राटावर. सम्राटाचं पद राहील एवढी हमी द्या, असं स्टिम्सनसकट काहींचं म्हणणं होतं. २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात ती हमी घातली नाही. आणि गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे वाईट आहे, पण दुसरा सुचत नाही) शेवटी सम्राट राहिलाच.

पण नुसती हमी दिली असती तर जपानी सेनापती ऐकले असते असं मी छातीठोक म्हणणार नाही. ९ ऑगस्टला सकाळी त्यांची सहा जणांची सर्वोच्च युद्धसमिती बसली होती. हिरोशिमा होऊन तीन दिवस झाले होते, आदल्या मध्यरात्री रशियन फौजा मांचुरियात घुसल्या होत्या. बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. तरीही तीन विरुद्ध तीन. त्या रात्री सम्राटाला मध्ये पडावं लागलं. अशा माणसांशी गाठ होती.

या सगळ्यातून मी कुठे येऊन थांबतो ते सांगतो. बॉम्ब वापरायचा की नाही यापेक्षा तो कशावर टाकायचा ठरवलं, हा प्रश्न मला जास्त टोचतो. ३१ मे १९४५ ला वॉशिंग्टनमध्ये एका समितीची बैठक झाली, अध्यक्ष स्टिम्सन. उत्तम लक्ष्य कोणतं यावर जे एकमत झालं त्याचा अर्थ असा, की युद्धाला लागणारा माल बनवणारा मोठा कारखाना, ज्यात पुष्कळ कामगार आहेत आणि ज्याच्याभोवती दाटीने कामगारांची घरं आहेत.

सोलापूरच्या माणसाने हे वाक्य एकदा सावकाश वाचावं. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, आणि भोवतीच्या चाळी. पहाटेचा भोंगा, पाळीवर निघालेले बाप्ये आणि बाया, घरोघरी हातमागाची खटखट. युद्धाच्या काळात भारतातल्या कापडगिरण्या सरकारला फौजेसाठी कापड पुरवत होत्या. म्हणजे त्या समितीची व्याख्या लावली तर आमचं गाव नमुनेदार लक्ष्य. जपानकडे तसा बॉम्ब असता आणि त्यांच्या कुणी असाच हिशेब मांडला असता, की एक गिरणगाव गेलं तर इंग्रज लवकर शरण येतील आणि एकूण माणसं वाचतील, तर आपण तो हिशेब ऐकून घेतला असता का?

प्रत्यक्षात हिरोशिमात कारखाना हेही लक्ष्य नव्हतं. तिथे लष्कराचं मोठं मुख्यालय होतं हे खरं, पण नेम धरला होता गावाच्या मधोमध असलेल्या टी आकाराच्या ऐओई पुलावर. सकाळी सव्वाआठ, कामावर जायची वेळ. वर्षअखेरीपर्यंत मेलेले सुमारे एक लाख चाळीस हजार. त्यात हजारो कोरियन होते, ज्यांतल्या पुष्कळांना जपानने वेठीला धरून कामाला आणलं होतं. ज्यांना जपानपासून सोडवायचं म्हणून आपण बॉम्बचं समर्थन करतो, त्यांतलेच हे.

गावाला गाव म्हणून गुन्हेगार ठरवणं सोलापूरने फार लहान प्रमाणात अनुभवलंय. मे-जून १९३० चा मार्शल लॉ. पोलीस मारले गेले, कोर्ट जळलं, मग सगळ्या गावावर लष्कर. गांधी टोपी घातली तरी शिक्षा. शेवटी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी. त्यांनी पोलिसांना मारलं यावर गावाचा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. कुणीतरी लटकायला हवं होतं. दोन गोष्टींची बरोबरी मी करत नाहीये, चार आणि एक लाख चाळीस हजार यांची बरोबरी होत नाही. विचाराची जात मात्र ओळखीची वाटते.

विरुद्ध बाजूला आपल्या देशातला आणखी एक मोठा माणूस उभा आहे, तो सुटून चालणार नाही. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यातले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल. १९४८ मध्ये त्यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा हजारावर पानांचा भिन्न निकाल लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं की पॅसिफिक युद्धात नाझी पुढाऱ्यांच्या आज्ञांच्या जवळ जाणारं काही असेल तर तो अणुबॉम्बचा निर्णय. आज यासुकुनी मंदिरात त्यांचं स्मारक आहे आणि जपानमधले अतिउजवे त्यांना डोक्यावर घेतात. पण ते एक सोयीस्करपणे गाळतात. नानकिंगमध्ये जपानी सैन्याने केलेल्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, हेही पालसाहेबांनी त्याच निकालात लिहिलंय. कोटणीसांचा चीन आणि पालांचा हिरोशिमा, दोन्ही एका वेळी डोक्यात ठेवायला जड जातात. म्हणून लोक एक खाली ठेवतात.

गांधीजींनी जुलै १९४६ च्या 'हरिजन'मध्ये यावर लिहिलं. पुण्यात मुक्काम होता. दोनच दिवसांपूर्वी त्यांची गाडी नेरळ-कर्जतच्या मध्ये रुळांवर टाकलेल्या धोंड्यांवर आदळली होती, त्यातून ते बचावले होते. ते जपानची बाजू घेत नाहीत. उलट, जपानच्या हव्यासाला नैतिक आधार होता असं मी म्हणत नाही, एवढं ते आवर्जून सांगतात. पण बॉम्बला बॉम्बने उत्तर देऊन सुटका नाही, आणि टाकणाऱ्या राष्ट्राच्या आत्म्याचं काय झालं हे कळायला अजून वेळ लागेल, असा त्यांचा रोख.

राहता राहिलं नागासाकी. हिरोशिमावर वाद घालता येतो, मी वर घातलाच. नागासाकीच्या समर्थनात मला आजवर धड मुद्दा सापडलेला नाही. ११ तारखेचं उड्डाण हवामान बिघडणार म्हणून ९ ला आणलं. त्यासाठी ट्रुमनने वेगळा हुकूम दिलेला नव्हता. एकच आदेश होता, बॉम्ब तयार होतील तसे टाकत जा. विमान निघालं होतं कोकुराकडे. तिथे ढग आणि धूर होता, तीन घिरट्या घातल्या, नेम धरता येईना, म्हणून नागासाकी. जपानला हिरोशिमाचा अर्थ समजायला तीन दिवस दिले होते, आणि तेही ठरवून नव्हे, हवामानाने. सत्तर हजारांच्या आसपास माणसं.

२५ जुलैला ट्रुमनने डायरीत लिहिलं होतं की बॉम्ब लष्करी लक्ष्यावर टाकायचा, बायकामुलांवर नाही, असं मी स्टिम्सनला सांगितलंय. स्वतःशी बोलताना माणूस असं लिहितो तेव्हा त्याला ते पटलेलं असतं की पटवून घ्यायचं असतं, काही सांगता येत नाही. १० ऑगस्टला मंत्रिमंडळाची बैठक झाली. तिसरा बॉम्ब थोड्याच दिवसांत तयार होणार होता. ट्रुमनने सांगितलं की आता माझ्या हुकमाशिवाय आणखी बॉम्ब टाकायचा नाही. व्यापारमंत्री हेन्री वॉलेस त्या बैठकीत होते. त्यांनी त्या दिवशीच्या डायरीत नोंद केली आहे, की आणखी एक लाख माणसं पुसून टाकायची ही कल्पना फार भयंकर आहे असं ट्रुमन म्हणाले, आणि ती सगळी पोरं मारणं त्यांना नको वाटत होतं.